हाताला पेलणारा आकडा

लव्हॉन टीटरला गावातल्या निम्म्या बायकांची पिस्तुलं मापासकट पाठ होती. तिच्या स्वतःच्या घरात मात्र नवरा गेल्यापासून साधी छऱ्यांची बंदूकही नव्हती.

आर्कान्सामधल्या त्या डोंगराळ गावात घराच्या पुढच्या खोलीत ती शिवणाचं काम करायची. पँटच्या टिपा, शाळेच्या नाचाचे झगे, शिकारीच्या जाकिटांच्या चेनी हे तर नेहमीचंच. पण तिचा हातखंडा होता तो चोरखिशांत. बायका कोट घेऊन यायच्या, पर्स घेऊन यायच्या, चर्चला जायचा पोशाख घेऊन यायच्या आणि आत पिस्तूल राहील असा खिसा करून मागायच्या. लव्हॉन टेप गळ्यात अडकवून विचारायची, "काय बाळगतेस?" जसं एखादीला ब्लाउजचा गळा किती खोल विचारावा तसं. "नऊ" म्हणाली की तिच्याकडे नऊ मिलिमीटरचा कागदी साचा तयार असे. "अडतीस" म्हणाली की दुसरा. आकडा म्हणजे गोळीची जाडी, कुठे मिलिमीटरात तर कुठे इंचाच्या शंभराव्या नाहीतर हजाराव्या भागात, एवढं तिला कळत होतं. त्यापलीकडे तिला कापडाची काळजी.

मार्चमध्ये एका सकाळी फोन आला. पलीकडे माणूस नव्हता, नोंदवून ठेवलेला बाईचा आवाज होता. गॅरेट पोग या कैद्याची चौदा एप्रिलला सुटका होणार आहे, पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा. लव्हॉनने तीन वेळा एक दाबला.

गॅरेट तिचा जावई. म्हणजे होता. तिच्या मुलीचा, जनेलचा जबडा त्याने मोडला त्याला तीन वर्षं झाली. जनेल आता दुसऱ्या राज्यात दुसऱ्या आडनावाने राहत होती आणि तिचा पत्ता जगात एकाच माणसाला, लव्हॉनला, ठाऊक होता. गॅरेटलाही हे माहीत होतं. खटल्याच्या शेवटच्या दिवशी त्याला बाहेर नेताना त्याने जनेलकडे बघितलंसुद्धा नाही, तिच्या आईकडे बघून मान हलवली. भेटू, अशा अर्थाची.

शेरिफच्या कचेरीत तिने विचारून पाहिलं. त्याला जनेलच्या जवळ जायला मनाई आहे, तिथली मुलगी म्हणाली, पण कागदात तुमचं नाव नाही. त्याने काही केलं तर लगेच फोन करा. लव्हॉनने सरळ हिशेब केला. गावापासून तिच्या घरापर्यंत गाडीला वीस मिनिटं लागत. 'काही केलं' आणि 'फोन' यांच्यामध्ये ती वीस मिनिटं होती.

तेव्हापासून वाळत घातलेले कपडे काढायला ती मागच्या अंगणात जाईनाशी झाली. ड्रायरमध्येच सगळं वाळवायला लागली. मशीन चालवताना बाहेर गाडीचा आवाज आला की पाय पेडलवरून आपोआप उचलला जाई आणि गाडी पुढे जाईपर्यंत श्वासही तिथेच थांबे. पिनटबटर लावलेला पावाचा तुकडा हातात घेऊन ती एकदा पंधरा मिनिटं न्हाणीघरात उभी होती, कारण दारात कोणीतरी ठोठावत होतं. ती चर्चची दोन माणसं होती, सामुदायिक जेवणाला बटाट्याचं सॅलड आणाल का विचारायला आलेली.

तिचा थोरला भाऊ डोइल तिला बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला. तिथे एक रीत होती, कोणी ठरवलेली नसली तरी सगळे पाळत. बाईबरोबर पुरुष असला की प्रश्न बाईला आणि उत्तर पुरुषाचं. दुकानदाराने लव्हॉनला विचारलं, मॅडम, काय विचार आहे? डोइल म्हणाला की चारने सुरू न होणारा आकडा तिला दाखवूच नकोस. पंचेचाळीसची गोळी लागली की माणूस बसतो, त्याहून लहान म्हणजे त्याला नुसता राग आणायचा. त्यावर दुकानातल्या चार माणसांनी आपापली मतं दिली. नऊ हल्ली पुरेशी आहे, नऊ कधीच पुरेशी नव्हती, एकाच्या मेव्हण्याने तीनशे ऐंशीच्या तीन गोळ्या खाल्ल्या आणि स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेला. ते हॉटेलात जेवण निवडावं तसं बोलत होते. लव्हॉन काचेवर हात ठेवून उभी होती. ती फक्त एवढंच बघत होती की तिची बोटं काचेवर ओले ठसे उमटवतायत.

पंचेचाळीसच्या पिस्तुलात पहिली गोळी चढवायला वरचा भाग मागे ओढायचा असतो. तो तिला इंचभरही हलला नाही. शिवणकामाने तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात बसला होता. नऊचाही हलला नाही.

"हलकं काहीतरी देतो," दुकानदार म्हणाला. "बाईमाणसाला हलकंच बरं."

त्याने आखूड नळीचं अडतीसचं रिव्हॉल्व्हर काढलं, कुठल्याशा हलक्या धातूचं, सॉसेजच्या पुडीएवढ्या वजनाचं. ओढायला काही नाही, नुसता चाप दाबायचा. हातात घेतल्यावर लव्हॉनला पहिल्यांदा जरा सुटल्यासारखं वाटलं. डोइलने त्यात घालायला जास्तीत जास्त जोरदार काडतुसं निवडली, आकडा लहान पडला त्याची भरपाई म्हणून. आणि इथेच तिथल्या प्रत्येक माणसाने तीच चूक केली, जी अशी माणसं आपल्या बायकांच्या आणि बहिणींच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का हातावर जास्त. वजन असलं तर तो वजनात जिरतो. हे त्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त बाई समोर उभी राहिली की ते विसरायला होतं.

डोइलच्या शेतात लव्हॉनने दोनदा चाप ओढला. पहिल्या वेळी रिव्हॉल्व्हर तिच्या कपाळाकडे उसळलं. दुसऱ्या वेळी तिने आधीच डोळे मिटले आणि उजव्या अंगठ्याच्या मुळात काहीतरी कटकन झालं. डोइल म्हणाला, होईल सवय. संध्याकाळपर्यंत हात पावासारखा फुगला. डॉक्टरने पट्टी बांधली आणि तीन आठवडे कात्री धरायची नाही म्हणाला.

चौदा एप्रिलला अठरा दिवस उरले होते. आता तिला दोन गोष्टींची भीती होती, गॅरेटची आणि पलंगाच्या खणातल्या त्या रिव्हॉल्व्हरची. कुठली जास्त, हे तिला सांगता आलं नसतं. खण उघडायच्या नुसत्या विचाराने हात ठणकायचा.

त्या आठवड्यात ओपल रेनबोल्ट आपल्या पँटची कंबर सैल करून घ्यायला आली. ओपल बहात्तरची. जिल्ह्याच्या तुरुंगात बायकांच्या बाजूला तिने सव्वीस वर्षं पहारा केला होता. पट्टी बघून तिने विचारलं आणि लव्हॉनने सांगितलं, आधी हाताचं, मग ओघात सगळंच. ओपलने रिव्हॉल्व्हर मागवून तळहातावर तोललं.

"हे कोणी दिलं तुला?"

"डोइलने निवडलं."

"डोइलला म्हणावं, तू शंभर वेळा उडवून दाखव, मग केक भाजीन तुझ्यासाठी. काही उडवत नाही तो. अगं, हे असलं मी स्वतः हातात धरत नाही, आणि माझा हात बघ केवढा आहे."

शनिवारी दुपारी ओपलच्या गवताच्या कोठारामागे ट्रकचं मागचं फळकूट पाडून तिने त्यावर जुना टॉवेल पसरला. सात पावलांवर खांबाला जेवणाची कागदी ताटली ठोकली. लव्हॉनचा उजवा हात बांधलेला म्हणून सगळं डाव्याने, उजव्याचा नुसता आधार. ओपलचा नियम एकच होता. आकडा तोंडाने सांगायचा नाही. हातात देईन ते सहा वेळा उडवायचं, आणि सहावी गोळी पहिलीच्या शेजारी गेली पाहिजे. ज्याने जाईल तो तुझा आकडा.

बावीसने गोळ्या शेजारी गेल्या, पण त्या रिव्हॉल्व्हरचा चाप इतका जड होता की चौथ्या वेळी बोट थकून थांबलं. शिवाय ती काडतुसं अधूनमधून पेटतच नाहीत, ओपल म्हणाली, डबे फोडायला ठीक. अडतीस, जड पोलादी आणि सौम्य काडतुसं घालून, तीनपर्यंत ठीक होतं, मग डोळे मिटायला लागले. मग ओपलने एक जुनाट काळं रिव्हॉल्व्हर दिलं. जड होतं. चाप मऊ होता. धक्का बसला तो एखाद्याने हात धरून हलवावा इतकाच. सहाही छिद्रं कॉफीच्या कपाच्या बुडाखाली झाकली जातील एवढ्यात होती.

"काय आहे हे?" लव्हॉनने विचारलं.

"बत्तीस. दुकानात मागशील तर हसतील. माझ्या सासूचं होतं."

"डोइल म्हणेल, याने माणूस थांबायचा नाही."

"पंचेचाळीस शेजारच्या झाडाला लागली तर थांबतो का?" ओपल काडतुसं भरता भरता म्हणाली. "लहान आहे, खोटं कशाला बोलू. अडतीसने झालं असतं तर तेच दिलं असतं. पण तुला जे जमतं त्यात सगळ्यात मोठं हेच आहे. म्हणून एक उडवून बघत बसायचं नाही. समोरचं संकट संपेपर्यंत ओढत राहायचं."

लव्हॉनने ते उसनं नेलं. डाव्या हातात कात्री धरून आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःसाठी साचा कापला आणि शिवणाच्या एप्रनला डाव्या बाजूला खिसा लावला, तोंड जरा तिरकं, आत जाड कॅनव्हासचं अस्तर. दर शनिवारी ती ओपलकडे जायची. भीती गेली नाही. फक्त रात्रभर ज्या एका जागी विचार येऊन अडायचे, तिच्यापुढे आता काहीतरी करण्यासारखं होतं.

चौदा एप्रिल आली आणि गेली. त्यानंतर नऊ दिवस काहीच झालं नाही, आणि ते सगळ्यात वाईट होते.

दहाव्या दिवशी सकाळी अकराला दार उघडून गॅरेट आत आला. दार ग्राहकांसाठी उघडंच असायचं. नवी काळी पँट त्याने अंगातच घातली होती, पायाशी चुण्या पडत होत्या, जुनी जीन्स खांद्यावर टाकलेली.

"टिपा घालून द्याल का?" तो नम्रपणे म्हणाला. "काकाने नोकरी लावलीय. गुरुवारी बोलावलंय."

पुढे कितीतरी दिवस लोकांनी तिला विचारलं की तू नाही का म्हणाली नाहीस. तिला वाटलं होतं की पँट टाचून दिली तर तो जाईल. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. कोणी दारात उभं राहिलं की गुडघ्यावर बसायचं. ती खाली बसली. उजव्या मनगटावर बांधलेल्या टाचण्यांच्या छोट्या गादीतून एकेक टाचणी काढून तिने एक पाय दुमडला. बूट अगदी नवे होते. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याला तो ऐकू जाऊ नये म्हणून ती धडपडत होती.

दुसऱ्या पायाला दोन टाचण्या लागल्यावर तो वरून म्हणाला, "कुठे आहे ती?"

"माहीत नाही."

"लव्हॉन. मी तीन वर्षं नीट वागलोय. मला फक्त बोलायचंय तिच्याशी."

"खरंच माहीत नाही."

तो वाकला आणि त्याने तिचं उजवं मनगट धरलं. ओढलं नाही. नुसता अंगठा तिच्या दुखऱ्या अंगठ्याच्या मुळावर ठेवला आणि दाबत गेला, हळूहळू, तिच्या चेहऱ्याकडे बघत. गादीतली एक टाचणी तिरकी होऊन तिच्या कातडीत शिरली. तिच्या तोंडातून जनेलच्या गावाचं पहिलं अक्षर बाहेर पडायच्या बेतात होतं. हे तिला नक्की माहीत आहे, कारण जीभ टाळ्याला लागली होती.

डावा हात तिच्या नकळत खिशात गेला होता. रिव्हॉल्व्हर बाहेर आलं तसं त्याने मनगट सोडलं आणि दोन पावलं मागे झाला. मग त्याने नीट बघितलं. तोही त्याच गावचा.

"बत्तीस?" तो हसला. "कुठल्या म्हातारीचं उचलून आणलंस? डोइलने हे घेऊ दिलं तुला? अगं, याने मला फक्त खरचटेल."

लव्हॉन गुडघ्यांवरच होती, कोपर पोटाशी लावलेलं, आणि तिचं बोट चाप ओढत होतं. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की मागचा घोडा आपोआप उचलला जातो, आणि पुरता मागे गेला की सुटून गोळी उडते. तो उचलला जाताना तिला दिसत होता. आणि तो गॅरेटलाही दिसला. हसू त्याच्या ओठांवर तसंच राहिलं, डोळे मात्र घोड्यावर खिळले. आकडा त्याला आता आठवत नसावा. हात दोन्ही बाजूंना धरून तो उलटा चालत दाराबाहेर गेला, टाचण्या लावलेल्या पँटमध्ये. जीन्स जमिनीवरच पडली होती.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लव्हॉनच्या लक्षात आलं की घोडा अजून वरच आहे. ओढायला तिला शिकवलं होतं. अर्ध्यावरून परत यायला कोणी शिकवलं नव्हतं. मशीनचं पेडल सोडताना पाय सैल करतात तसं तिने बोट केसभर केसभर सैल केलं. त्याला किती वेळ लागला कोण जाणे.

शेरिफचा माणूस वीस नाही, तीस मिनिटांनी आला. त्याने मनगटावरचे वळ बघितले, जीन्स पिशवीत घातली आणि गॅरेटच्या सुटकेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला तिथूनच फोन लावला. बाईवर हात टाकला एवढं पुरे, आज संध्याकाळपर्यंत तो परत आत असेल, असं त्याने सांगितलं, आणि तसंच झालं. जाता जाता त्याने वहीतून मान वर न करता विचारलं, मॅडम, बोट चापावर होतं का? लव्हॉन म्हणाली, आठवत नाही. जनेलला फोनवर तिने सांगितलं की नुसतं घाबरवायला काढलं होतं. डोइलला तर ती काहीच बोलली नाही. तो गावभर बहिणीचं कौतुक करत हिंडत होता, आणि आता तरी नऊ घे म्हणत होता.

शनिवारी ओपलने नेहमीप्रमाणे टॉवेल पसरला आणि ताटली ठोकायला निघाली, तेव्हा लव्हॉन म्हणाली, "आज नको. मला सोडायचं कसं ते शिकव."

ओपल वळली. "किती मागे आला होता?"

लव्हॉनने बोट आणि अंगठा यांच्यात अंतर धरून दाखवलं. मग ते आणखी थोडं वाढवलं.

"म्हणजे उरलंच नव्हतं काही," ओपल म्हणाली.

"तो जरा उशिरा मागे सरला असता ना, ओपल, तर माझ्याने थांबवलं गेलं नसतं. मला थांबायचंच नव्हतं."

ओपलने सहाही काडतुसं काढून ट्रकच्या फळकुटावर उभी केली, रिकामं रिव्हॉल्व्हर उजेडाकडे धरून दोनदा आत बघितलं आणि ते लव्हॉनच्या डाव्या हातात दिलं. ओढ, थांब, सोड. परत. ओढ, थांब, सोड. त्या दुपारी तिथे एकही गोळी उडाली नाही.