डोंगरे सरांचे पाहुणे

फोन आला तेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरवर सरांचंच पत्रक उघडं होतं, ते दरवर्षी भरवत त्या चर्चेच्या बैठकीचं. आदल्या दिवशी संध्याकाळी ते येऊन वाद घालून गेले होते. मथळ्यातला 'वंश' हा शब्द मी फार मोठा केला आणि 'धर्म' बारीक, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, कागदात मावायला नको का सर? ते म्हणाले, सगळे शब्द एका मापाचे ठेवा मधुभाऊ, उगाच भांडण नको. तेच आमचं शेवटचं बोलणं. सकाळी त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला की बाबा झोपेतून उठलेच नाहीत. समोर एक पोरगा प्रोजेक्टचं बाइंडिंग करून घ्यायला उभा होता, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. शटर ओढायच्या आधी मी परत खुर्चीवर बसलो आणि 'वंश' लहान केला. कशासाठी केला, माहीत नाही... हात आपोआप गेला.

याला आता दीड महिना झाला. दौलत डोंगरे आदिलाबादला सरकारी कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि निवृत्त झाल्यावरही शिकवणं काही सुटलं नव्हतं. मी मधुकर, बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी सरांवर लिहा असं मला सांगणाऱ्यांचा समज असा की, बैठकीतला प्रत्येक निबंध माझ्या मशीनमधून गेला, तेव्हा सर मला सगळ्यात जास्त ठाऊक असणार. मलाही तसंच वाटत होतं. पण मी हे लिहायला बसलो त्याचं कारण दुसरं आहे. सरांजवळ एक गोष्ट कबूल करायची राहून गेली. सात वर्षं आज करतो, उद्या करतो म्हणत राहून गेली. आता ऐकायला ते नाहीत, म्हणून चारचौघांत सांगतो.

आमची ओळख झाली ती भांडणातून. एक दिवस हा उंच, सडपातळ माणूस जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, पूर्ण काढा, संध्याकाळच्या गाडीनं हे हैदराबादला परत गेलं पाहिजे. तेव्हाचं माझं मशीन म्हणजे दहा पानं काढली की तापायचं. मी वैतागून म्हटलं, एवढं काय आहे यात? झालं! मशीन थंड होईपर्यंत ते स्टुलावर बसून सांगत राहिले आणि दुपार निघून गेली. हैदराबादला विद्यापीठात शिकताना त्यांचा खोलीतला सोबती घानाचा होता. होस्टेल सुटल्यावर दोघं मिळून भाड्याची खोली शोधत हिंडले. जिथं सोबत्याचा तोंडवळा पाहून घरमालकानं नकार दिला नाही, तिथं सरांचं आडनाव ऐकून दिला. शेवटी एका पत्र्याच्या खोलीत दोघं दोन वर्षं राहिले. तिथं त्या सोबत्यानं त्यांना आफ्रिकेच्या ऐक्याचा विचार शिकवला. मला त्यातलं काही कळेना, तेव्हा सरांनी आपल्या जैनथकडच्या बोलीत समजावलं. "हे पाहा मधुभाऊ, जहाजात कोंबून नेलं त्याईले, अन् धा देशांत इकलं. बोली गेली, देव गेला, नावं गेली. तरी त्याईची नातवंडं मनतात, आमी एकाच घरचे. अन् आपण? एका हिरीचं पानी पेऊन एका घरचे नाई."

मीही जैनथकडचाच. त्यांचं गाव आणि माझं गाव शेजारीशेजारी, दोन्हीकडे कापूस आणि ज्वारी, दोन्हीकडची माणसं पैनगंगेपलीकडे सोयरिकी करणारी. फरक एवढाच की ते बौद्ध आणि आम्ही कुणबी, आणि त्यांच्या गावातली त्यांची वस्ती मी कधी पाहिली नव्हती. हे मी तेव्हा मनातही आणलं नाही. माणूस आवडला, बस्. त्यानंतर ते रोज दुकानात येऊ लागले, पुढे घरीही. माझी आई तेव्हा होती. सुरुवातीला सर बाहेरच्या खोलीतच बसत, चहा तिथंच जाई. मग आई आजारी पडली, रिम्सच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा मी हैदराबादला मशीनचा पार्ट आणायला गेलेलो, सरांनीच तिला उचलून रिक्षात घातलं. बरी होऊन घरी आली तेव्हा तिनं त्यांना आत बोलावलं आणि चुलीजवळ बसवून भाकर वाढली. तेव्हापासून सर आमच्या घरचेच झाले, असं मी पुष्कळांना अभिमानानं सांगत आलोय.

बैठक त्यानंतर पुष्कळ वर्षांनी सुरू झाली. नाव लांबलचक होतं, वंश, धर्म आणि आफ्रिकी ऐक्याचा विचार, पण गावानं त्याची 'आफ्रिका बैठक' केली आणि सरांना 'आफ्रिकावाले डोंगरे'. मंडपाच्या परवानगीची अर्जी दिली तर कचेरीतल्या बाबूनं विचारलं, आफ्रिकेचा अन् आदिलाबादचा ताल्लुक काय, संबंध काय? सरांनी दुसऱ्या दिवशी दोन पानी उत्तर नेऊन दिलं. निजामाच्या फौजेतल्या हबशी शिपायांपासून आपल्या कापसापर्यंत. कापसापायी जगात कुणाकुणाला बेड्या पडल्या, ते सगळं त्यात होतं. बाबूनं ते वाचलं की नाही देव जाणे, मंजुरी मात्र मिळाली. दोन दिवस मराठी, तेलुगू, हिंदी, इंग्रजी अशा चारी भाषांत भाषणं चालायची. हैदराबादला शिकणारी आफ्रिकन मुलं यायची, नागपूर-नांदेडहून प्राध्यापक यायचे, आणि शेवटच्या रांगेत रुमाल बांधलेले शेतकरी. मालकानं गुलामाला दिलेला देव गुलामानं ठेवावा की टाकावा, यावर एकदा अशी जुंपली की जेवणं थंड झाली. मी जेवणाच्या व्यवस्थेत होतो, मला सरांचा राग आला होता.

सरांचा एक नियम होता. पाहुणा लॉजवर उतरवायचा नाही, घरी न्यायचा. माझ्या दुकानात कागद कापून उरलेल्या पट्ट्या ते घेत आणि त्यावर स्वतःच्या हातानं पाहुण्याचं नाव लिहीत. ती चिठ्ठी ज्याच्या हातात पडेल त्यानं बसस्टँडवर जाऊन आपला पाहुणा घेऊन यायचा, आपल्या घरात झोपवायचा, आपल्या ताटात जेवू घालायचा. मला कारण विचारायची खोड, म्हणून विचारलं. ते म्हणाले, लॉजात उतरलेला माणूस बोलून जातो, घरात उतरलेला विचारून जातो. पहिल्या तीन वर्षांत माझ्याकडे नांदेडचे एक मास्तर आले, नागपूरचे एक आले, एकदा हैदराबादचे एक तेलुगू पंडित आले आणि शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांच्यासाठी वेगळा सांबार केला.

चौथ्या वर्षी माझ्या चिठ्ठीवर डॅनिएलचं नाव आलं. टांझानियाचा मुलगा, हैदराबादला संशोधन करत होता, चर्चमध्ये गोऱ्यांचे बाक वेगळे, काळ्यांचे वेगळे, यावर त्यानं निबंध लिहिला होता. तो निबंध मीच टाइप केला, मीच त्याच्या चाळीस प्रती काढल्या, मीच पिना मारल्या. आणि चिठ्ठी पाहिल्याबरोबर मी सबब शोधायला लागलो. आमच्या गल्लीत लोक काय म्हणतील, पोरीचं लग्न जमवायचं चाललंय, आणि घरात हा... पुढचं मला मनातही धड बोलता आलं नाही. मी सरांना म्हणालो, "सर, त्याच दिवशी पोरीले पाह्यले पाहुणे येऊन राह्यले. शोभा मनते, लय अडचण होईन." पाहुणे येणार होते हे खरं, पण पुढच्या आठवड्यात. सरांनी माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठी परत घेतली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं."

डॅनिएल सरांच्याच घरी राहिला. भाषणाच्या शेवटी त्यानं निबंध इतका देखणा छापल्याबद्दल माझं नाव घेऊन आभार मानले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला उठून उभं राहावं लागलं. मांडवात तेव्हा कुठं तोंड लपवावं असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला बसस्टँडवर चहा पाजला आणि मनाशी म्हटलं, झालं, फिटलं. कसलं फिटतंय...

त्यानंतर सात बैठका झाल्या. पत्रक माझ्याकडे, माइक माझ्याकडे, जेवण माझ्याकडे, हिशेब सोडला तर सगळं माझ्याकडे. पाहुणा मात्र एकदाही नाही. सर कधी बोलले नाहीत, घरी येणं कमी केलं नाही, चेष्टा कमी केली नाही. चिठ्ठ्या लिहायला ते माझ्याच टेबलावर बसत आणि मी काहीतरी काम काढून आसपास घुटमळत राही, की यंदा देतील. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. पण तो बोलायचा तर आधी खोटं कबूल करावं लागलं असतं. एका वर्षी शोभानंच विचारलं, काऊन जी, सर आता आपल्या घरी पाहुणे काऊन नाई देत? मला राहवलं नाही, सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. "माह्या नावावर खपवलं तुमी? मले तर इचारलंच नाई." मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिनं नाहीच म्हटलं असतं, असं मी धरून चाललो होतो. धरून चाललं की बरं पडतं, स्वतःकडे बघावं लागत नाही.

सर गेल्यावर पंधराएक दिवसांनी दुकानाच्या नंबरवर एक लांबचा फोन आला. पत्रकाच्या तळाला माझा नंबर असतो, तो डॅनिएलनं जपून ठेवला होता. आता तो तिकडे आपल्या देशात शिकवतो. हैदराबादी हिंदी अजून तशीच, 'हौ' आणि 'नक्को' सकट. सर कसे गेले, अंत्यविधी कुठं झाला, मुक्ता कशी आहे, सगळं विचारलं. बोलता बोलता माझाच धीर सुटला. मी सांगून टाकलं की त्या वर्षी तू माझ्या घरी उतरणार होतास, त्या दिवशी पाहुणे वगैरे काही नव्हते, मी खोटं बोललो. तो शांतपणे म्हणाला की हे त्याला त्याच दिवशी माहीत झालं होतं. बसस्टँडवरून घरी नेताना सरांनीच सांगितलं होतं. सरांचे शब्द त्याला पाठ होते, ते त्यानं जसेच्या तसे सांगितले.

"दोस्त है मेरा, आदमी अच्छा है, टाइम बहुत लेता. मेरेकू उनके घर के अंदर जाने कू नौ साल लगे. तुम्हारा भी नंबर आएगा."

फोन ठेवला आणि मी बोटं मोजायला लागलो. माझी पोरगी झाली त्या वर्षी सर पहिल्यांदा घरी आले. आईनं चुलीजवळ बसवलं तेव्हा पोरगी चौथीत होती, भाकरीबरोबर पाढे म्हणून दाखवत होती. बरोबर नऊ. मी कधी मोजली नव्हती. मला वाटलं होतं आमची मैत्री पहिल्या दिवसापासून एकसारखी आहे... आणि तिकडे ते बाहेरच्या खोलीत बसून एकेक वर्ष मोजत होते. डॅनिएलच्या वेळी मी नवीन काही केलंच नव्हतं, जे जुनं चालू होतं तेच केलं. वंशावरचे एवढे निबंध ज्या हातांनी छापले, त्या हातांची लाज वाटली मला. रडलो. दुकानात, गिऱ्हाइकासमोर रडलो.

गेल्या रविवारी मुक्ता घरी आली. ती नार्नूरकडे शाळेत शिकवते. बैठक यंदाही घ्यायची असं तिनं ठरवलंय आणि पत्रकाचं अडलेलं काम पुढं न्यायला आली होती. मी आत जेवत होतो. दाराचा आवाज आला, पण आत कुणी येईना, म्हणून हात धुऊन बाहेर पाहिलं तर ही बाहेरच्या खोलीत भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेली, पिशवी मांडीवर. म्हटलं, अगं बाहेर काऊन बसली, आत यायचं नाही का? ती म्हणाली, "बाबा मनत, मधुकाकाच्या घरी बलावल्याबिगर आत जाऊ नको. ते पन इथंच बसत ना जी."

तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं तिनं. आणि मला दिसलं... खरंच. आईनं आत घेतल्यावरसुद्धा, इतकी वर्षं, सर आले की त्याच खुर्चीवर बसत आणि आतून हाक आली की मगच उठत. एकदाही स्वतःहून आले नाहीत. मी त्याला त्यांची शिस्त समजत होतो. गावात सांगतही होतो, बघा, किती रीतीचा माणूस आहे.

पाहुण्यांच्या चिठ्ठ्या आता कोण लिहिणार, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, मीच. मी म्हटलं, एक मला दे, कोणत्याही पाहुण्याची दे. मुक्तानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, अगदी सरांसारखं, राग नाही की काही नाही.

"काकूले इचारलं का?" ती म्हणाली.

मी तिच्या मांडीवरची पिशवी उचलली, तिच्या हाताला धरून तिला आत नेलं आणि तिच्यासमोर शोभाला विचारलं.