न घासलेला जोड

रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत इस्त्री करणारी बाई चाळिशीत वेल्डिंग शिकायला निघाली, तेव्हा सगळ्यात आधी हसली ती सासू. "अगं, चहा करताना बोटं भाजतेस. लोखंड काय वितळवणार तू!"

नवरा हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "घर कसं चालायचं?"

प्रश्न रास्त होता. वस्तीमागचं तंत्रप्रशिक्षण केंद्र कितीतरी वर्षं अर्धमेलं पडलं होतं. छप्पर गळकं, यंत्रं गंजलेली, आणि शिकवायला उरलेला एकच निदेशक, तोही कावलेला. मग सरकारने अनुदान दिलं. शेड नवी झाली, वेल्डिंगसाठी पडदे लावलेली केबिनं उभी राहिली, आणि काम सोडून शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांना दरमहा विद्यावेतन सुरू झालं. त्यात चैन होणार नव्हती, पण नवऱ्याच्या गोदामातल्या पगाराला जोडून चूल पेटती राहत होती. अट एकच. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा पास झालात तर दुसऱ्या वर्षाचं विद्यावेतन, नाहीतर बंद. बंद झालं तर तिला पुन्हा वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहावं लागणार होतं.

सुरुवातीला तिचं काम वाईटच होतं, उगीच कौतुक कशाला? वेल्डिंगचा रॉड प्लेटला चिकटायचा, ती हिसका द्यायची, रॉडचं वरचं आवरण फुटायचं. निदेशक म्हणायचे, "ताई, भांडू नका त्याच्याशी." वर्ग सुटला की बाकीचे हात धुवायला पळायचे. ती मात्र इतरांनी टाकलेले रॉडचे तुकडे गोळा करून ते संपेपर्यंत थांबायची. पाठ भरून यायची, डोळे चुरचुरायचे. वर्ष सरता सरता हात बसला.

एक खोड मात्र जाईना. लॉन्ड्रीत चादरीवर एवढीशी चुणी राहिली तरी मुकादम ती तोंडावर फेकायचा. त्यामुळे वितळलेलं लोखंड थिजताना जोडावर उठणाऱ्या लहरी तिच्या डोळ्यांत खुपायच्या. खिडक्यांच्या जाळ्या बनवताना ती ग्राइंडर फिरवून जोड असा सपाट करायची, की बोटालाही पत्ता लागू नये. जाळीच्या कामात ते चालायचं. निदेशकसुद्धा शाबासकी द्यायचे.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. गोदीत जहाजं जोडता जोडता केस पांढरे झालेला माणूस. प्रत्येकाला दोन प्लेटा जोडायला दिल्या आणि जोड फसला तर म्हणून वर दोन जादा दिल्या. परीक्षकांनी सुरुवातीलाच सांगितलं, "ग्राइंडर प्लेटांच्या कडा तयार करायला. जोडाला लावायचा नाही."

तिने ऐकलं होतं. पण काम लवकर आटोपलं, ग्राइंडर हाताशी होता, आणि जोडावरच्या लहरी बघवेनात. सवयीच्या भरात, आपण काही चूक करतोय हे मनातही न येता तिने तो लखलखीत करून टेबलावर नेऊन ठेवला.

परीक्षकांनी प्लेट हातात घेतली. "हे कोणी घासलं?"

"मी."

"कशाला?"

"वर लहरी होत्या. बरं दिसत नव्हतं."

"अहो बाई, त्या लहरीच तर मला बघायच्या असतात. हात कुठे थांबला, कुठे घाई झाली, सगळं त्यात दिसतं. घासायचं ते मी घासतो, बघून झाल्यावर. हा जोड मी तपासू शकत नाही."

"साहेब, आतून पक्का आहे हो."

"असेल. मी काही आत बसलो नव्हतो." मग ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "जादा प्लेटा आहेत ना? वेळ अजून आहे. लागा कामाला."

ती केबिनात परतली. शेजारच्या केबिनात पूर्वी पहारेकरी असलेला एक वर्गबंधू होता. सगळे त्याला 'शिट्टी' म्हणायचे. तो पडद्याआडून म्हणाला, "ताई, रडायचं तर मुखवटा घालून रडा. वेळ फुकट जात नाही."

"तुझं तू बघ रे मेल्या," ती म्हणाली, आणि जादा प्लेटा उचलल्या.

तिने कडा तासल्या, प्लेटा पकडीत धरल्या, कोपर टेबलाला टेकवलं. पहिला थर नीट भरला. रॉडच्या आवरणाची वर थिजलेली खपली ठोकून काढली, ब्रशने घासून धातू साफ केला, दुसरा थर घातला. शेवटच्या थराला मधेच रॉड बदलावा लागला आणि तिथे उंचवटा आला. सगळ्यांना दिसावा असा. तिने ग्राइंडरची वायर स्वतःच उपटली आणि प्लेट तशीच टेबलावर नेली.

परीक्षकांची नजर उंचवट्यावर थांबली. "इथे रॉड संपला?"

"हो."

"आणि तुम्ही जरा घाबरलात."

"जरा नाही, चांगलीच."

त्यांनी मापं घेतली, मग जोड स्वतः घासला, जोडासकट पट्ट्या कापल्या, आणि पहिली वाकवून बघायला दाबयंत्रात ठेवली. पट्टी हळूहळू वाकत गेली. बाहेरच्या वळणावर एकही चीर नव्हती. दुसरी पट्टी उलटी ठेवली. तिच्या कडेला केसाएवढी रेघ उघडली. परीक्षकांनी भिंगातून पाहिलं, मोजपट्टी लावून रेघ मोजली.

"नियमात बसतं," ते म्हणाले. "पास. रॉड बदलायचा सराव मात्र करा. कच्चं आहे ते."

"आजपासून करते," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात उभा होता. तिचा चेहरा बघून त्याला कळलं.

"म्हणजे अजून वर्षभर संध्याकाळची भाजी मीच करायची?"

"हो. आणि मीठ बघून घाला. परवा तोंडात धरवत नव्हती."

सासू आतून खळखळून हसली. या खेपेला ती मुलाला हसत होती.