ज्या घरी कढई नाही

आक्कांच्या स्वयंपाकघरात बोलायला बंदी होती. म्हणजे एरवी नाही. एरवी त्या स्वतःच इतकं बोलायच्या की गॅसवरचं दूध हमखास उतू जायचं. पण दिवाळीच्या आधी ज्या दिवशी त्यांचा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन माळ्यावरून खाली उतरायचा, त्या दिवशी येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या, तोंड बंद ठेवायचं आणि हात मागे बांधायचे असा दंडक होता. ओट्यावर चहाची गाळणीदेखील चालत नसे. एकदा मी तिथे मोबाइल ठेवला, तर आक्कांनी तो दोन बोटांनी उचलला आणि बाहेर तुळशीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. वरून मलाच विचारलं, "पिठात घालायचा होता का?"

लातूरला त्या आमच्या शेजारी राहायच्या. माहेर रेणापूरचं, यजमान शाळेत कारकून होते, ते लवकर गेले. कॉलनीत सगळेच त्यांना आक्का म्हणायचे. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या रेशनकार्डावर पहिल्यांदा कळलं.

त्यांच्या शिस्तीचं मला हसू यायचं, पण ती उगाच नव्हती. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही आणि वीज कधी जाईल याचाही नाही. अशा गावात भट्टीचं काम घरी करायचं म्हणजे डोकं ताळ्यावर पाहिजे. आक्का सगळं कोरडं सामान आदल्या दिवशीच चाळून, मोजून, झाकून ठेवायच्या. तूप रात्रीच बाहेर काढलेलं असायचं. ओव्हन लागला की आधी नानकटाई, मग त्याच भांड्यात जिऱ्याची बिस्किटं आणि सगळ्यांत शेवटी कोकोचा केक. फिक्याकडून गडदकडे, असा क्रम. मधे भांडं धुवायचं नाही, कारण धुवायला पाणी कुठलं? दिवसअखेरीस त्यांच्या मोरीत एक पातेलं, एक चमचा आणि एक चाळणी एवढंच पडलेलं असायचं. आमच्या घरी नुसत्या पोह्यांना याहून जास्त भांडी निघत.

आता गंमत अशी, की हे सगळं त्या स्वतःच्या घरासाठी करतच नव्हत्या. आपल्याकडे ज्या घरी माणूस गेलेलं असतं, त्या घरी त्या वर्षी दिवाळीला कढई लागत नाही. तळण नाही, गोडधोड नाही. सोयरेधायरे, शेजारीपाजारी आपापल्या फराळातलं काहीबाही आणून देतात. आक्कांचे यजमान गेले त्या वर्षी असे डबे त्यांच्याही घरी आले. पण त्यांची धाकटी लेक हटून बसली, की लोकांचं नको, आपल्या घरी काहीतरी कर. कढई तर लावायची नाही. मग आक्कांनी बहिणीचा गोल ओव्हन मागून आणला आणि नानकटाई केली. भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली. आक्कांनी त्यांना एवढंच विचारलं म्हणे, "ह्याला कढई म्हंतेत का?" तेव्हापासून कॉलनीत ज्या घरी कढई नाही, त्या घरी वसुबारसेला आक्कांचा पत्र्याचा डबा जायचा.

डबा त्या कधी परत मागत नसत. दुःखाच्या घरातून भांडं मागू नये, ते आपण होऊन येतं, असं त्यांचं म्हणणं. आणि यायचंही. पुढच्या वर्षी कधीतरी तो डबा चकल्यांनी नाहीतर चिवड्याने भरून यायचा. तो हातात घेतला की आक्का झाकण उघडायच्या आधीच मला सांगायच्या, "लागली बघ त्यांची कढई." त्यांचा चेहरा त्या क्षणी इतका उजळायचा की आपल्याच घरी पाळणा हलल्यासारखं वाटावं.

आमच्या घरून मात्र डबा परत गेला नाही. माझा मोठा भाऊ कॉलेजात असताना मोटरसायकलच्या अपघातात गेला. पहिल्या दिवाळीला डबा आला. दुसऱ्या दिवाळीला आईने कढई काढली नाही, म्हणून पुन्हा आला. तिसऱ्यालाही आला. मग तो पायंडाच पडला. आई रोजचा स्वयंपाक करायची, शाळेत शिकवायला जायची, पण सण आला की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. कढई वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेली ती गेलीच. आक्कांचे डबे आमच्या फडताळात एकावर एक चढत गेले. मला वाटायचं, आता हे घर असंच राहणार, आणि त्या विचाराने माझा जीव घाबरा व्हायचा.

मी बी.एड. करत होते त्या वर्षी वसुबारस आली आणि गेली. डबा आला नाही. आईने दोन दिवस वाट पाहिली, पण तसं कबूल केलं नाही. शेवटी मला म्हणाली, जाऊन बघ, आक्कांना बरं नाही की काय.

आक्का ठणठणीत होत्या. ओव्हन पुसून, फडक्यात बांधून ठेवून झाला होता. मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, की विसरले न्हाई, मुद्दाम दिला न्हाई. मग त्यांनी मला पाटावर बसवलं आणि हळू आवाजात बोलल्या.

"मी दर साली डबा देत राहिले, अन् तुझी माय दर साली बिनघोर राहिली, की कढई न लावताबी सण निघून जातो. मला लई उशिरा समजलं पोरी. तुमची कढई मीच माळ्यावर ठेवून बसले जणू."

यामागचं कारण आईला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. मी घरी येऊन एवढंच म्हणाले, की आक्का म्हणतात, या वर्षी डबा मुद्दाम दिला नाही.

आईचा चेहरा लाल झाला. एवढ्या जड झालो का आम्ही, म्हणाली. आपण मागायला गेलो होतो का, म्हणाली. स्टूल ओढून ती स्वतः वर चढली, माळ्यावरून कढई काढली आणि वर्तमानपत्राचा बोळा करून भिरकावला. पिठाचा अंदाज घेतला नाही, काही नाही, रागारागाने शंकरपाळ्यांचं पीठ मळलं. पहिला घाणा काळा झाला. दुसरा घाणा सोडला आणि झारा हातात तसाच ठेवून ती रडायला लागली. दादा गेल्यापासून तिला मोठ्याने रडताना मी पाहिलं नव्हतं. बाबा बाहेरून आले, त्यांनी गॅस बारीक केला आणि तिच्या शेजारी उभे राहिले. ती रडत होती आणि घाणे काढत होती.

संध्याकाळी तिने फडताळातला एक डबा घेतला, त्यात शंकरपाळ्या भरल्या आणि स्वतः आक्कांकडे निघाली. भांडायलाच निघाली होती, म्हणून मीही मागोमाग गेले. आईने डबा ओट्यावर आदळला.

"घ्या. आमच्याबी घरी होतं."

आक्कांनी झाकण काढलं. एक शंकरपाळी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिल्या. चावावीच लागत होती.

"मोहन कमी पडलं, वैनी," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली, आणि मोहन किती घालायचं ते विचारू लागली. मी त्या दोघींना तिथेच सोडून घरी आले.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. लग्नानंतर मी नांदेडला आले, शाळेत शिकवते, घरी आक्कांसारखंच भट्टीचं करते. कोरडं आदल्या दिवशी, फिकं आधी, गडद मागून. आणि ज्या घरी कढई नाही तिथे डबा देते. हे सगळं आक्कांचं बघून बघून हाताला लागलेलं आहे, त्यात माझी काही मोठी हुशारी नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंचे यजमान गेले, तेव्हा मी त्यांना डबा दिला. पुढच्या दिवाळीलाही दिला. या वर्षी भरला, दारापर्यंत नेला आणि परत घेऊन आले. काल त्या जिन्यात भेटल्या, माझ्याकडे न बघता निघून गेल्या. तेव्हापासून त्यांच्याकडून तळणाचा वास येतो का, म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली आहे. मिक्सरचा आवाज आला तरी कान टवकारते. चुकलं तर नाही ना, हे विचारायला कुणी नाही. त्या वर्षी आमच्या घरी कढई चढेपर्यंतचे दिवस आक्कांनी कसे काढले असतील, ते मला आत्ता कळतंय.