आईचं हळदीचं गाणं आणि माझे नवे स्पीकर

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचते त्या फक्त टाईमपास म्हणून. अंगात आलेल्या बाईला आधी ग्लासभर पाणी पाजा, असं म्हणणारी मी... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलंय. आणि याच्या मुळाशी भूत नाही, माझी धाकटी बहीण आहे — म्हणजे प्रकरण जास्तच अवघड.

मी मंगल. गंगाखेडला राहते, मिस्टर साखर कारखान्यात आहेत. माहेर पालमजवळच्या खेड्यातलं. आमची आई हळदीची गाणी म्हणायची. आसपासच्या गावांत कुणाचंही लग्न असो, तिला बोलावणं यायचंच. गाण्यात नवरीचं, मामाचं, करवलीचं नाव गुंफायचं, थट्टा करायची — आणि हे सगळं ती जागेवर जुळवायची. ज्याचं नाव राहिलं तो जेवणापर्यंत रुसून बसायचा.

माझ्या लग्नातही ती गायली. पण आमची तेव्हा शूटिंगची ऐपत नव्हती, त्यामुळे ते गाणं हवेत गेलं. रेखा माझ्याहून बरीच लहान, शेंडेफळ. तिच्या लग्नापर्यंत घरचं जरा बरं चाललं होतं, म्हणून पालमचा शूटिंगवाला आला. पुढे त्यानंच आईची गाणी मोबाईलच्या गाण्याच्या अ‍ॅपवर टाकली. आई गेल्यावर आम्हाला तिचा तेवढाच आवाज उरला. आणि त्यात नाव कुणाचं? रेखाचं!

"पिवळी झाली लेक, रेखा माझी नवरी, मांडवाच्या दारी मैना झाली बावरी..."

मला मत्सर वाटायचा. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं असं म्हणू नये, पण वाटायचा. रोज ऐकायचे आणि रोज जळायचे.

मग अ‍ॅपवरून एकेक गाणं जायला लागलं. नाव दिसायचं, पण करडं. दाबलं तरी वाजायचं नाही. मी निवांत होते, कारण डाऊनलोड केलेलं होतं ना! फोन बदलला तेव्हा कळलं की ते डाऊनलोड अ‍ॅपच्याच पोटात असतं, आपल्या हातात काही नसतं. तशीच एसटीनं पालम गाठलं. नशिबानं शूटिंगवाल्याच्या जुन्या हार्डडिस्कवर हळदीचं ते एक गाणं शिल्लक होतं. दोन पेनड्राइव्हवर घेतलं, एक रेखाला दिला. तुमच्याही घरातल्या कुणाचा आवाज असा अ‍ॅपच्या भरवशावर असेल, तर आजच मूळ फाईल मागून घ्या.

आता प्रश्न वाजवायचं कशावर. परभणीला रेखाकडे टीव्हीखाली लांबलचक साऊंडबार आहे, सोबत धडधडणारा डबा. मला तिच्याहून चांगलं हवं होतं, बाकी काही कारण नाही. परभणीच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, तुमाला धडधड पायजे का आवाज?"

मी म्हटलं, "माझ्या आईचा आवाज पायजे."

पेनड्राइव्ह लावून सगळ्यांवर गाणं ऐकलं. साऊंडबारवर आई रांजणात तोंड घालून गायल्यासारखी वाटत होती. मग त्यानं एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्याचे दोन स्पीकर लावले... आणि ओळ सुरू करण्याआधी आई जो श्वास घ्यायची, तो ऐकू आला. तेच घेतले. मिस्टर म्हणाले, "बहिणीवर जळून एवढं सामान आणणारी बाई गंगाखेडात दुसरी नसंल." खरंच होतं.

दिवाळीत रेखा आली. दुपारची वेळ, समोर चिवड्याच्या ताटल्या, मिस्टर पेपर वाचत बसलेले. मी मुद्दाम गाणं लावलं — तिला दाखवायचं होतं ना!

आईनं श्वास घेतला, गाणं सुरू झालं. "रेखा माझी नवरी" आलं आणि नेहमीप्रमाणे माझ्या पोटात दुखलं. बघते तर रेखाचं तोंड उतरलेलं.

"आक्का, हे कुठनं आणलीस? हे तर तुझ्या लग्नातलं हाय."

"येड लागलंय का? तुझंच नाव घ्यायलीय की ती."

"माझं कुठंय? मंगल म्हणायलीय! दाजी, तुमीच सांगा."

मिस्टरांनी पेपर खाली केला. "मला तुमच्या आईचा आवाज आला बुवा. शब्दांकडं ध्यान कुणाचं हाय?"

परत लावलं. मला रेखा, तिला मंगल. मला वाटलं, ही माझी थट्टा करतेय. चिडून म्हटलं, "ऐकू यायलंय ना? मग म्हणून दाखव."

तिनं आईच्याच चालीत म्हटलं —

"एका हाती चुडा, एक हात रिकामा, मंगलच्या चुड्याला उशीर का गं मामा?"

मी गाणं बंद केलं. माझ्या हळदीला कासाराला आणायला गेलेल्या मामाची एसटी वाटेत बंद पडली होती. तो आला तेव्हा माझ्या एकाच हातात नव्या बांगड्या होत्या — त्याही शेजारणीच्या. मी हे पार विसरून गेले होते. आणि रेखा त्या लग्नात नव्हतीच! तिला गोवर निघाला होता, म्हणून तिला चारठाण्याला मामीपाशी ठेवलं होतं.

"आईनं कधी सांगितलं असंल तुला," मी म्हटलं.

"आईची शपथ, न्हाई. मला आत्ता ऐकू आलं... आणि खरं सांगू? लय वाईट वाटलं. माझं नाव का न्हाई म्हणून."

तिच्याकडे परभणीला तोच पेनड्राइव्ह लावून बघितला. तिथे दोघींनाही रेखाच ऐकू येते. माझ्या स्पीकरवर मात्र मला रेखा, तिला मंगल. माझ्या लग्नात आलेल्या एका मावशीला विचारलं, तिलाही तो चुडा आठवला, पण गाण्याचे शब्द नाही. कुणी म्हणतं रेखाच्या मनाचे खेळ, कुणी म्हणतं तिनं लहानपणी कुठेतरी ऐकलं असणार. असेल. मला काहीच पटत नाही, आणि दुसरं कारणही सापडत नाही.

रेखा आता महिन्यातून एकदा तरी येते. "आक्का, लाव की," म्हणते. मी लावते, आणि गाणं न ऐकता तिच्या तोंडाकडे बघत बसते. तिचे डोळे भरले की मला कळतं — आत्ता आईनं माझं नाव घेतलं. मग ती ओळ ती मला म्हणून दाखवते, अगदी प्रेमानं.

आणि मी अजून जळते हो. आईच्या तोंडून माझं नाव ऐकायचं, तर तेही हिच्याच नशिबात!