बटणांच्या डबीतल्या गोळ्या

"हार्ट अटॅकच आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहत थांबल्या. मी सासूबाईंना मराठीत सांगावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

लीड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, पडद्याआडच्या खाटेवर सासूबाई बसल्या होत्या. अंगात हॉस्पिटलचा झगा, त्यावर स्वतःचा स्वेटर. मी सांगितलं, "आई, हृदयाचा त्रास आहे. झटका येऊन गेलाय." त्या म्हणाल्या, "अगं, पण छातीत तर काहीच दुखलं नाही."

मी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "कधी कधी असं होतं. विशेषतः डायबिटीस असला तर छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो. यांना डायबिटीस आहे का?"

सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. डायबिटीस हा शब्द त्यांना कळला. माझ्यासाठी न थांबता त्या मराठीत म्हणाल्या, "हो, आहे की. गोळी चालू आहे."

आणि मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, "नो. नो डायबिटीस. नो रेग्युलर मेडिसिन्स."

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. तुमच्यापैकी पुष्कळांचे आई-वडील, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी इकडे इंग्लंडमध्ये येतात. त्यांच्या विम्याचा फॉर्म तुम्हीच भरता आणि डॉक्टरांपुढे त्यांच्या वतीने तुम्हीच बोलता. म्हणून लिहितेय.

आधी फॉर्मचं सांगते. पूर्वी इथे आलेली मंडळी सांगायची की पाहुण्यांनाही सरकारी दवाखान्यात फारसं कोणी काही विचारत नसे. आता विचारतात. इमर्जन्सीत तपासतात ते फुकट, पण व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला वॉर्डात दाखल केलं की बिल लागतं, आणि ते भलं मोठं असतं. म्हणून विमा. नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "पॉलिसीचं तू बघ ना, तुला असल्या गोष्टी बरोबर जमतात." मला खरंच जमतात. कुठलीही गोष्ट चार वेबसाइटवर बघितल्याशिवाय मी घेत नाही. गाडीचा विमा, गॅसचं कनेक्शन, सगळीकडे मी स्वस्तातलं शोधून काढते आणि मग मैत्रिणींना आठवडाभर ऐकवते.

फॉर्ममध्ये एक चौकोन होता: प्री-एक्झिस्टिंग कंडिशन. म्हणजे विमा घेण्याआधीपासून असलेला आजार. तिथे 'येस' दाबलं की हप्ता जवळजवळ तिप्पट व्हायचा. मी येस दाबून पाहिलं, नो दाबून पाहिलं, परत येस. मग मनाशी म्हटलं, साखर काय आजकाल घरोघरी आहे. त्यांची तर ताब्यात आहे, एका गोळीवर. आणि मी 'नो' वर फॉर्म पाठवून दिला. आमच्याकडे पैसे नव्हते, असं मुळीच नाही. दोघांच्याही नोकऱ्या चालू होत्या. मला फक्त स्वस्तात मिळवल्याचं समाधान हवं होतं.

सासूबाई कराडच्या. पस्तीस वर्षं त्यांनी ब्लाउज शिवले आणि मुलींना शिवण शिकवलं. माप दोनदा घ्यायचं आणि कात्री एकदाच चालवायची, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथे आल्यावर त्यांनी आमच्या घरातले सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले, कारण दुकानातल्या शिलाईला त्या शिलाईच मानत नाहीत. सासूपणा असा त्यांनी माझ्यावर एकदाही केला नाही. उलट मीच कधी कधी त्यांची सासू असल्यासारखी वागायचे.

त्रास शुक्रवारी सुरू झाला. जिना चढून आल्या आणि पायरीवरच बसल्या. घाम आलेला, जबडा दुखतोय म्हणाल्या. मी म्हटलं, दाढ असेल. शनिवारी मळमळ. मी फार्मसीतून ॲसिडिटीचं औषध आणलं. नितीन म्हणाला, दाखवूया का? मी म्हटलं, सोमवारी बघू. खरं सांगायचं तर तो चौकोन माझ्या डोक्यातून जात नव्हता. दवाखाना म्हटलं की कागद, आणि कागद म्हटलं की 'तुम्हाला आधी काय होतं' हा प्रश्न. रविवारी दुपारी घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे काढताना त्यांना श्वासच पुरेना, तेव्हा आम्ही निघालो. नितीनने आम्हाला दारात सोडलं आणि तो आमच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन घरी परतला. त्यामुळे पडद्याआड मी आणि आई दोघीच होतो.

तिथल्या नर्सने आधीच विचारलं होतं, फोनवर मराठी दुभाषी मिळेल, बोलावू का? मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "नको, मी आहे ना."

तर मी 'नो डायबिटीस' म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही, पण 'नो' आणि 'डायबिटीस' हे दोन शब्द न कळायला त्या काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. मांडीवरची कापडी पिशवी तेवढी त्यांनी जवळ ओढून घेतली.

ईसीजी आधीच झाला होता, आता रक्ताच्या तपासण्या आल्या. ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की तो आकडा वाढतो. तो वाढलेला होता. रक्तातली साखरही वाढलेली निघाली, आपल्याकडच्या मोजणीत अडीचशेच्या आसपास. डॉक्टर म्हणाल्या, "शरीरावर ताण आला की साखर वाढू शकते, किंवा नव्याने डायबिटीस लागला असेल. आम्ही एचबीएवनसी पाठवतोय." म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. मी चेहऱ्यावर काळजी आणून मान डोलावली. माझ्या त्या चेहऱ्याची मला आजही किळस येते.

त्यांना वॉर्डात हलवलं. मंगळवारी अँजिओग्राम ठरला. मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि कुठे अडलंय ते पाहतात. सोमवारी मी दिवसभर तिथे होते. सासूबाई क्रोशाने माझ्या मुलीसाठी टोपी विणत होत्या. शेजारच्या खाटेवरच्या आजी त्यांना इथल्या पद्धतीने लाडाने 'लव्ह' म्हणत आणि या त्यांना 'ताई' म्हणत. दोघींचं झकास चाललं होतं.

दुपारी डॉक्टर आल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "साखर आपोआप खाली येतेय. छान." मलाही हायसं वाटलं. म्हटलं, बघ, सांगितलं नाही तरी काही बिघडलं नाही.

साखर आपोआप खाली येत नव्हती.

मंगळवारी सकाळी त्यांना उपाशी ठेवलं होतं. मी नऊच्या सुमारास पोचले तर त्या पलंगावर बसून हवेत टाके घालत होत्या. हातात सुई नव्हती. अंग घामाने निथळत होतं. मी हाक मारली तर मला म्हणाल्या, "बाई, तुमचा ब्लाउज उद्या मिळेल." त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

मी ओरडले. नर्स धावली, मग डॉक्टर. पुन्हा झटका आला का, मेंदूला काही झालं का, अशी धावाधाव. कोणी तरी बोटाला सुई टोचली. साखर दोन पॉइंट सहा. आपल्या मोजणीत पन्नासच्याही खाली. डॉक्टर म्हणाल्या, "हे असं आपोआप होत नाही. यांनी काही घेतलंय का? मला आत्ता कळायला हवं."

त्यांची पिशवी खाली पडली होती. त्यातली बटणांची पत्र्याची डबी उघडी झाली होती. कराडहून आणलेली, शर्टाच्या बटणांनी भरलेली. त्या बटणांत साखरेच्या गोळ्यांचं पाकीट होतं.

तेव्हा मी बोलले. "शी हॅज डायबिटीस. बारा वर्षं. मी खोटं सांगितलं." पुढचं वाक्य इंग्रजीत आलंच नाही, नुसतं रडू आलं.

डॉक्टरांनी पाकिटावरचं नाव वाचलं, शिरेतून ग्लुकोज सुरू करायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "आत्ता सांगितलंत ते बरं केलंत." बस्स, एवढंच. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दहा-पंधरा मिनिटांत सासूबाई भानावर आल्या. मी विचारलं, "आई, गोळी का घेतलीत? मला का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तू नाही म्हणून सांगितलंस ना त्यांना. मग उघड कशी घेणार? तुझ्यावर आलं असतं." गोळी चुकवायची नाही असं कराडच्या डॉक्टरांनी बजावलेलं. उपाशीपोटी घ्यायची नाही, हे मात्र त्या विसरल्या. घाईत होत्या बिचाऱ्या, नर्सची पाठ वळायची वाट पाहत होत्या. अडुसष्ट वर्षांची बाई हॉस्पिटलात चोरून गोळी खात होती, माझी लाज राखण्यासाठी.

अँजिओग्राम एक दिवस पुढे गेला. एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, म्हणजे अडलेली जागा उघडी ठेवणारी बारीक जाळी. सगळं नीट झालं.

पण माझी खरी परीक्षा मंगळवारी दुपारीच झाली होती आणि मी तिच्यात नापास झाले होते. नितीन धावत आला. त्याने विचारलं, "आईला शुगर आहे हे डॉक्टरांना माहीतच नव्हतं? कसं काय?" मी तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मीच हिला दम दिला होता. सांगशील तर बघ म्हटलं. फॉर्म भरतानाही मीच फोनवर 'नाही' लिहायला लावलं. उगाच तुमचा खर्च वाढायला नको म्हणून."

आणि नितीनला ते लगेच पटलं. सासूने सुनेला दम दिला म्हटलं की आपल्याकडे कोणी पुरावा मागत नाही. मी गप्प बसले.

एक-दोन दिवस नाही, अडीच आठवडे गप्प बसले. विमा कंपनीने नकार कळवला तेव्हाही. रुग्णालयाचं बिल हप्त्यांनी फेडायचं ठरलं तेव्हाही. नितीन चिडून आईला म्हणाला, "तुझ्यावर आता भरवसा नाही," आणि त्याने सगळ्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात ठेवल्या. रोज सकाळी सासूबाई त्याच्यापुढे हात पसरायच्या. तो मोजून एकेक गोळी हातावर ठेवायचा आणि गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. त्या मुकाट्याने गिळायच्या, आणि मी शेजारी मुलीचा डबा भरत असायचे.

एका सकाळी गोळी देताना तो म्हणाला, "तोंड उघड बघू." सासूबाईंनी तोंड उघडून दाखवलं. पोटच्या मुलाला, जीभ वर करून.

माझ्या हातातला डबा खाली पडला. मी म्हटलं, "नितीन, पुरे. फॉर्म मी भरला. डॉक्टरांना खोटं मी सांगितलं. आईंनी मला कधीच दम दिला नाही." सासूबाई म्हणाल्या, "अगं, राहू दे गं." मी म्हटलं, "नाही आई, नाही राहू द्यायचं."

नितीन तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी आईच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "मीही कधी फॉर्म उघडून बघितला नव्हता." त्याने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. गोळ्या बटणांच्या डबीत परत गेल्या.

आता तुम्हाला सांगते. चौकोनात खरं लिहा. हप्ता परवडत नसेल तर मुक्काम कमी करा, सहा महिन्यांऐवजी दोन महिने बोलवा. थोडं बीपी, थोडी साखर असा आजार फॉर्ममध्ये नसतो, आहे किंवा नाही एवढंच असतं. जबड्याचं दुखणं, घाम, दम हे सोमवारवर ढकलू नका. आणि दुभाषी देऊ का म्हणून विचारलं तर हो म्हणा. आपण घरचे आहोत, म्हणून आपण खरंच सांगू असं काही नसतं.

मी स्वतः तसंच केलं. परतीच्या विमानाआधी हृदयाच्या क्लिनिकमध्ये एक तपासणी होती. तिथे मी आधीच कळवून फोनवर दुभाषी मागून घेतली. डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला. त्यातून कोणी तरी गोड आवाजात म्हणालं, "नमस्कार आजी, मी तुमचं बोलणं डॉक्टरांना सांगणार आहे."

सासूबाईंनी मला विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "दुभाषी आहेत. मी बोलण्यापेक्षा त्या बोललेल्या बऱ्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग ताठ बसल्या आणि थेट डॉक्टरांना म्हणाल्या, "आय हॅव डायबिटीस. ट्वेल्व्ह इयर." हे त्यांनी कधी आणि कुणाकडून पाठ करून घेतलं, देव जाणे. बहुधा नातीकडून.

मग फोनकडे वाकून म्हणाल्या, "ताई, तुमचे उपकार आहेत. पण तुम्ही ठेवा आता. माझी सून आहे इथं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधी त्यांचं तेच बोलणं इंग्रजीत सांगितलं, त्या म्हणाल्या तसंच, शब्द न बदलता.