शशीअक्कांचं तिसरं पत्र

शशीअक्का गेल्याचा फोन त्यांच्या भावानं धारवाडच्या सप्तापूरहून केला, तेव्हा मला आधी रडू नाही आलं, राग आला. पंधराच दिवसांपूर्वी मी बजावलं होतं, "छातीत दुखतंय ना, तपासून घ्या." तर म्हणाल्या, "इरलि बिड्री, राहू द्या डॉक्टर, बघू नंतर." दुसऱ्याचं काम लगेच, स्वतःचं नंतर... काय करायचं अशा बाईला?

हुबळीतल्या आमच्या इस्पितळाचं ग्रंथालय त्या एकवीस वर्षं सांभाळत होत्या, तेही सहायक म्हणून. मुख्य ग्रंथपालाची जागा रिकामी होती, पण त्या जागेला वैद्यकीय ग्रंथपालाचं प्रमाणपत्र हवं. धारवाडहून बसनं येता-जाता अभ्यास करून त्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाल्या. राहिली तीन डॉक्टरांची पत्रं, यांनी आम्हाला अमुक प्रश्नाचं उत्तर शोधून दिलं, अशी. दिवसभर डॉक्टर त्यांच्या टेबलाशी, आणि ही बाई पत्र मागायला कचरते! मी वैतागून म्हणायची, "अहो, तोंड उघडा जरा." तर म्हणे, "आपल्याला ठाऊक नव्हतं असं लिहून द्यायला कुणाला बरं वाटतंय हो?" कशीबशी दोन पत्रं मिळाली. तिसरं मी दिलं. अत्यंत तत्पर, अभ्यासू, मनमिळाऊ वगैरे. प्रमाणपत्र देणाऱ्या समितीनं ते परत पाठवलं, नेमका प्रश्न लिहा म्हणून. शशीअक्कांनी ते माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, उद्या लिहिते... मुदत टळली. प्रमाणपत्रवाला बाहेरचा माणूस साहेब होऊन आला आणि कुठलं पुस्तक कुठं, हे त्याला यांनीच शिकवलं. वर मीच त्यांच्यावर चिडले, पुन्हा मागायला काय झालं होतं म्हणून.

परवा ग्रंथालयात गेले. प्रश्न घेऊन येणाऱ्याची खुर्ची त्यांनी मुद्दाम कपाटाआड ठेवली होती. कुठला मोठा डॉक्टर काय विचारतोय, हे जाणाऱ्या-येणाऱ्या शिकाऊ पोरांना दिसू नये म्हणून. तिथं बसूनच हे लिहिते आहे. नेमका प्रश्न असा होता: गरोदर बाईला मी लिहून दिलेलं फिटचं औषध पोटातल्या बाळाला चालतं का? मला ठाऊक असायला हवं होतं. नव्हतं. शशीअक्कांनी दहा मिनिटांत कागद आणून दाखवले, चालत नाही. बाई अजून औषधाच्या रांगेतच होती, मी चिठ्ठी बदलली. तिची मुलगी आता शाळेत जाते.

एवढंच लिहायचं होतं. तेव्हा माझ्याच्यानं लिहवलं नाही.