मुखवट्यांचे फोटो पुसताना

"फोटोंवरचं पब्लिकचं टिक काढलंस ना? आता ते बाहेर कोणाला दिसत नाहीत. मग झालं की," क्रेग म्हणाला. क्रेग माझा बॉस. आम्ही किचनर शहराजवळच्या एका म्युझियममध्ये काम करतो. तो संग्रहाचा प्रमुख, मी डेटाबेस सांभाळते.

समोर वेन बसले होते. ग्रँड नदीकाठच्या हॉडेनोशोनी लोकांचे ज्येष्ठ. हे इथले मूळ रहिवासी; बाहेरचे त्यांना इरोक्वाय म्हणतात. त्यांचे जुने लाकडी मुखवटे आमच्या गोदामात होते. आजाऱ्याला बरं करायच्या विधीत ते घालतात. त्यांच्या लेखी मुखवटे जिवंत असतात. परक्यांनी ते बघायचेही नसतात, मग फोटो तर सोडाच. म्युझियम ते परत देणार होतं. वेन यांचं म्हणणं एवढंच होतं की, आमच्याकडे फोटोही उरता कामा नयेत. त्याशिवाय 'सगळे परत आणले' असा शब्द ते घरच्यांना देऊ शकत नव्हते.

"फोटो गेले, की लपवले?" त्यांनी मला विचारलं.

"लपवले," मी म्हणाले. क्रेगने डोळे वटारले.

"लपवलेले तर मुखवटेही इतकी वर्षं होतेच," वेन म्हणाले.

आमच्या धंद्यात डिलीट म्हणजे बहुतेकदा 'दाखवू नका' अशी खूण. वस्तू जागच्या जागीच राहते. वर बॅकअप, म्हणजे राखीव प्रत. तिला हात लावायचा नाही, हा आमचा धर्म. पण नागपूरला आमच्या देवघरातले टाक कोणी पाहुण्यांपुढे प्रदर्शनाला मांडत नाही. मला वेन यांचं म्हणणं समजावून सांगावं लागलं नाही.

वेन गेल्यावर मी क्रेगला गाठलं. "फोटो खरंच पुसायचे. बॅकअपमधूनही."

"रेकॉर्ड नष्ट करणं अगेन्स्ट पॉलिसी आहे."

"लेखी नोंद राहू दे. फोटो जाऊ देत."

"आणि बॅकअप बिघडला तर? नोकरी माझी जाईल."

"बिघडू देणार नाही."

त्याने समोरची फाइल मिटली. मग म्हणाला, "फाइन. कर."

करायला घेतलं आणि नाकी नऊ आले. एक फोटो काढावा तर त्याची छोटी आवृत्ती दुसरीकडे. ती काढावी तर कोणाच्या तरी प्रेझेंटेशनमध्ये तिसरी. कहर म्हणजे शाळकरी मुलांसाठीचं कलरिंग शीट. फोटोवरून मुखवटा गिरवलेला आणि खाली 'हॅपी कलरिंग!' मला लाजही वाटली आणि संतापही आला. त्या शीटचे छापील गठ्ठे मी स्वतः श्रेडरमध्ये घातले.

शेवटी उरली बॅकअपची एक जुनी डिस्क. अशा डिस्क निकामी करताना आम्ही ड्रिलने भोकं पाडतो. डोळ्यांदेखत व्हावं म्हणून वेन यांना बोलावलं. मी ड्रिल उचलला.

"थांब," ते म्हणाले. "त्यांच्या चेहऱ्यांना भोकं पाडणार?"

मी ड्रिल खाली ठेवला. मी आपली फायली पुसत होते. हा माणूस आपल्या लोकांना घरी न्यायला आला होता.

"त्यांनाही आमच्याबरोबर पाठव. पुढचं आम्ही बघू."

"त्या डिस्कवर आमचा बाकीचा डेटा आहे," क्रेग म्हणाला. "सिक्युरिटीवाले मला सोडणार नाहीत."

"बाकीचा मी पुसते," मी म्हणाले. "हे फोटो मात्र यांचे आहेत."

मी बाकीचा डेटा पुसला आणि मग गाडीत मुखवट्यांच्या झाकलेल्या पेट्यांशेजारी ती डिस्क ठेवली गेली. वेन यांनी तिच्यावर, त्यांच्याकडे वाहतात तसा, चिमूटभर तंबाखू ठेवला, पेट्यांवर ठेवला होता तसाच. मग घरी फोन लावला. "निघतोय," ते म्हणाले. "आता मागे कोणी राहिलं नाही."

मला रडू आलं. क्रेग उगाचच गाडीचे टायर बघत होता.

हल्ली टीममधलं कोणी "डिलीट केलं" म्हणालं की मी दोन गोष्टी विचारते. कुठून कुठून केलंस? आणि ज्याचं होतं, त्याला विचारलंस का?